आजोबांचं पीक घरात आणणाऱ्यांचे आभार

माझे आजेसासरे कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या माळरानावर जन्मले आणि जन्मभर तिथेच शेती केली. मधली वर्षं तेवढी महायुद्धात गेली. 1945 मध्ये हॉलंड मुक्त करणाऱ्या कॅनेडियन फौजेत ते होते. परतल्यावर माजी सैनिकांसाठीच्या सरकारी कर्जातून जमीन घेतली, गहू पेरला.

ते गेले तेव्हा निम्मा गहू उभाच होता. आपली कापणी बाजूला ठेवून कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं, घेऊन आलेल्या शेजाऱ्यांनो, हेडलाइटच्या उजेडात रात्रभर राबलात, डिझेलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. शवपेटीवर एकेक पॉपी, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचं लाल फूल, ठेवून थरथरत्या हातांनी सलाम करणारे वृद्ध सैनिक, रात्रपाळीत त्यांच्या उशाशी बसलेल्या नर्सताई, कित्येकांची नावंही मला ठाऊक नाहीत. कोल्हापूरच्या या नातसुनेचे तुम्हा सर्वांना मनःपूर्वक धन्यवाद. आम्ही कायम तुमच्या ऋणात आहोत.