सॉर्टिंग विभाग : कामाचे तास आणि विश्रांती

सर्व सभासदांना नमस्कार.

विश्रांतीच्या वेळेत बॅगा उतरवायला बोलावलं, तर ती विश्रांती धरू नका. वहीत कामाचा वेळ म्हणूनच लिहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या करारात टपालसेवाही येते. मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास. आपण मालकाच्या दिमतीला असतो तो सगळा वेळ काम, अशी त्यातली व्याख्या आहे. म्हणजे गाडीची वाट पाहत ताटकळणंही कामच. (करार आपल्या देशाने मंजूर केला असेल, तरच तो बंधनकारक.)

रात्रपाळीवाल्यांनी दोन पाळ्यांमधलं अंतर लिहून ठेवावं. पहाटे पत्रं भलत्याच खणात पडतात, तो हलगर्जीपणा नसतो, झोप असते.

जादा तासांची नोंद पाळी संपताच करा. दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही, साहेबांना तर नाहीच.