चांदोदच्या माजघरातल्या दोन रेघा

आदरणीय गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

दर दिवाळीला घराला चुना लावताना माजघरातल्या पुराच्या पातळीच्या दोन रेघांभोवती वीतभर भिंत तुम्ही कोरी ठेवत आलात, त्यासाठी हे आभाराचं पत्र. वरची रेघ तुमच्या वडिलांनी कोळशाने ओढलेली, १९७० ची. खालची तुमच्या हातची, २०२३ ची.

६ सप्टेंबर १९७० ला चांदोदच्या वरच्या अंगाला गरुडेश्वरपाशी नर्मदेचा प्रवाह सेकंदाला ६९,४०० घनमीटर होता, म्हणजे जवळजवळ साडेचोवीस लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट). १७ सप्टेंबर २०२३ ला नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणातून सुमारे १८ लाख क्युसेक पाणी सुटलं. बडोद्यात बसून हे आकडे कितीही वाचले, तरी चांदोदच्या कोणत्या पायरीला पाणी लागलं की कोणी सामान उचलायचं, ते त्यांतून कळत नाही. तुमच्या रेघांनी ते कळलं.

रेघ माजघरातच का, हेही तुम्हीच समजावलंत. नदीकडच्या भिंतीवर धार आदळून पाणी चढतं, आडोशाला उतरतं. झाडाला अडकलेला कचरा तर हमखास फसवतो. पुरात वाकलेली फांदी ओसरल्यावर वर उठते. बंद खोलीत पाणी संथ उभं राहतं. तिथेही ओल धरायची नाही, गाळाची कड धरायची. चुन्याची भिंत पाणी वर ओढते, ओल खऱ्या पातळीच्या बरीच वर जाते. बोट फिरवल्यावर पिठासारखा गाळ लागतो तिथवरच पूर.

रेघेची पातळी घाटावर न्यायला गवंड्यांचा पारदर्शक लेव्हल पाइप पुरला. आत हवेचा बुडबुडा राहिला, किंवा अर्धा पाइप उन्हात आणि अर्धा सावलीत पडला, तर पातळी खोटी येते. म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी जुळतं का पाहायचं, आणि शेवटी उलट वाटेने मोजत मूळ रेघेवर यायचं. बोटभराहून जास्त फरक निघाला तर सगळं नव्याने.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र तुम्ही चांदोदपाशी नर्मदेला मिळणाऱ्या ओरसंग नदीबद्दल सांगितलीत. नर्मदा चढली की ओरसंगचं पाणी तुंबतं, मागे वळतं आणि घाटाकडे डोळे लावून बसलेल्या घरांत पाठीमागून शिरतं. "घाट बघू नका, संगमावरचा फेस बघा. फेस जागच्या जागी थांबला की धान्य आणि वह्या माडीवर." धरण १३८.६८ मीटरला, म्हणजे पूर्ण पातळीला, भरलेलं असेल, तर वरून आलेलं पाणी साठवायला जागाच उरत नाही, ते पुढे सोडावंच लागतं. अशा वेळी हाताशी काही तासच असतात, आणि फेस बघायला यंत्र लागत नाही. यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या या एका सवयीमुळे कोरड्या राहिल्या.

परवानगी मिळाली की दोन्ही पातळ्या घाटाच्या दगडावर कोरायच्या आहेत, छिन्नीनेच. तेलरंग दोन पावसाळ्यांत उडतो. आडवी रेघ, खाली तारीख. पहिला घाव तुमच्या हातचा असावा, एवढी विनंती.

कळावे,
बडोद्याहून, पुराच्या नोंदी ठेवणारे आम्ही