रक्तदान आणि शस्त्रक्रिया निधीसाठी पेठेतील सर्वांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या पेठेतील एका भगिनीच्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात मिक्झोमा ही गाठ आढळली आहे. ती कर्करोगाची नाही हे ऐकून अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. परंतु लोहाच्या गोळ्या घेऊनही त्यांचे हिमोग्लोबिन महिनोन्‌महिने वाढत नव्हते आणि ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी) चढाच होता, त्याचे मूळ याच गाठीत असल्याचे टूडी इको या हृदयाच्या सोनोग्राफीनंतर उमगले. ही गाठ इंटरल्यूकिन-6 हे द्रव्य स्रवते, त्यामुळे शरीरात दाह राहतो व रक्त तयार होणे मंदावते; काही रुग्णांत हलत्या गाठीच्या आघाताने तांबड्या पेशी फुटतात, काहींच्या प्लेटलेट्स (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) घटतात. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होऊ शकतो, म्हणून रक्त भरून येण्याची वाट पाहत शस्त्रक्रिया लांबवता येत नाही.

मंडळाच्या रक्तदात्यांची वही ही आमची खरी मिळकत आहे. 2020 च्या उन्हाळ्यात शिबिरे बंद असताना रिक्षा स्टँडवरील बंधूंनी दोघा-दोघांनी रक्तपेढीत जाऊन रक्त दिले, मंडईतील गाळेधारकांनी त्यांच्या जेवणाची सोय केली आणि शाळेतून निवृत्त झालेल्या आपल्या बाई तेव्हापासून आजतागायत पेन्शनमधून न चुकता निधी पाठवतात. या सर्वांचे ऋण शब्दांत मावणारे नाही. मात्र गेल्या मे महिन्यातील शिबिरात बहुतेक खाटा रिकाम्या राहिल्या, याची खंत अजून मनात आहे. ढोल-ताशाच्या वर्गणीला जे दार उघडते, ते रक्तदानालाही उघडावे, एवढेच मागणे आहे.

शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी आहे. रुग्णाचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह असून रक्तपेढीतून घेतलेल्या रक्ताच्या बदल्यात द्यायचे बदली रक्त म्हणून कोणताही गट चालेल. दात्याचे वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5 असावे आणि मागील रक्तदानास पुरुषांनी 90, स्त्रियांनी 120 दिवस पूर्ण केलेले असावेत. काढलेल्या प्लेटलेट्स रक्तपेढीत 5 दिवसच टिकतात, म्हणून त्यांचे दाते स्वतंत्र नोंदवत आहोत. नावे व देणगी मंडळाच्या कार्यालयात रोज सायंकाळी 6 ते 8 या वेळेत स्वीकारली जाईल. पावती जागेवरच मिळेल. नावे मंगळवारपर्यंत द्यावीत.

आपला नम्र,
कार्यवाह