हेराल्डच्या बुटासाठी

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की आपल्या दैनिकात छत्रपतींच्या न्यू पॅलेसमधल्या जुन्या मेबॅक मोटारीचा फोटो येतो आणि आमच्या घरात माझ्या गाडीची चेष्टा सुरू होते. माझी गाडी काही राजघराण्यातली नव्हे. १९६९ सालची स्टँडर्ड हेराल्ड, चार दारांची. (चार दारांची हेराल्ड विलायतेत निघालीच नाही, ती मद्रासच्या कारखान्यातली. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो, तुम्हालाही सांगून घेतलं.) चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली, त्यामुळं गाडीचं बरंचसं काम घरीच करतो. यंदा मात्र रबराच्या एका वाटीनं हात टेकायला लावले, म्हणून हे पत्र.

गगनबावड्याहून भर पावसात येताना डाव्या चाकाकडून खड्ड्यागणिक ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. घरी येऊन जॅक लावला, चाक वरून-खालून धरून हलवलं तर खुळखुळलं. मग सौ.ना ब्रेक दाबून बसायला सांगितलं. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ थांबते ती बेअरिंगची. ही थांबली नाही. हेराल्डचं बॉनेट मडगार्डासकट पुढं उलटतं, त्यामुळं गाडीखाली लोळावं लागत नाही. वरच्या बॉल जॉइंटचा (चाकाला वर-खाली हलू आणि वळू देणारा गोळ्याचा सांधा) बूट, म्हणजे ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबराची वाटी, गोल चिरला होता आणि आत ग्रीसऐवजी तांबूस चिखल. दुःख याचं की जॉइंट गेल्याच वर्षी नवा घातलेला. लोखंडाला काही झालं नव्हतं. बूट फाटला, पाणी शिरलं आणि मग बॉल खाल्ला गेला.

नुसता बूट मागायला गेलो तर दुकानदार हसला. “काका, बूट सुटा येत नाही, अख्खा जॉइंट घ्या.” घेतला. त्याचाही बूट बोटानं ओढला तर पांढऱ्या रेघा पडतात. हा किती पावसाळे काढणार?

त्यापूर्वी मी एक आगाऊपणाही करून पाहिला. ट्यूबचा तुकडा कापून जॉइंटला तारेनं बांधला. महिन्याभरात तो फुगून जिलबीसारखा मऊ झाला. ट्यूबच्या रबराला पेट्रोलियमचं ग्रीस सोसत नाही, तिथं निओप्रीन किंवा नायट्राइलच लागतं. लोखंडात जन्म गेला, रबराचं शहाणपण सत्तरीत आलं.

दुसरं गाऱ्हाणं गॅरेजचं. मागच्या वर्षी खांदा दुखत होता म्हणून काम बाहेर दिलं. तिथल्या पोरानं टाय रॉडच्या (स्टिअरिंगनं चाक वळवणारी दांडी) जॉइंटमध्ये फोर्क, म्हणजे दोन दातांची पाचर, घालून घण मारला. जॉइंट सुटला, पण त्याचा चांगला बूट टराटरा फाटला. जॉइंट भंगारात टाकायचा असेल तर फोर्क खुशाल घाला. तोच परत बसवायचा असेल तर नट चार आटे ठेवून ढिला करा, टेपर (जॉइंटचा निमुळता दांडा) ज्या डोळ्यात, म्हणजे भोकात, बसतो त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवा आणि समोरून दुसऱ्या हातोड्यानं एक ठोका द्या. टेपर ‘टण्’ करून सुटतो, बुटाला ओरखडा येत नाही. वरचा जॉइंट सुटला की हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर कलंडतो, तो तारेनं बांधून ठेवा, नाहीतर सगळा भार ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) येतो. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर (चाक धरणाऱ्या आडव्या दांड्यावर) बसते, तिथं जॅक आर्मखालीच हवा. ती स्प्रिंग सुटली तर माणसाला सोडत नाही.

त्याच पोरानं खालच्या ट्रुनियनमध्ये (चाक वळताना आट्यांवर फिरणारा खालचा सांधा) ग्रीस ठासलं होतं. हेराल्डच्या ट्रुनियनला नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागतं. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आटे कोरडे झिजतात आणि एक दिवस चाक आडवं पडतं. सगळं धुऊन काढायला माझा रविवार गेला.

कोणी म्हणेल, पन्नाशी उलटलेली गाडी विंटेज गाड्यांचा ‘व्हीए’ नंबर घेऊन शोभेला ठेवा. २०२१ च्या नियमात ती सोय आहे, पण मग ती रोज रस्त्यावर काढता येत नाही. मला जोतिबाला जायचं असतं, लेकीकडं कागलला जायचं असतं.

आता मुद्द्याचं. बुटाचा साचा मी ॲल्युमिनियममध्ये स्वतः टर्न केला आहे. शिरोलीच्या एका रबर मोल्डिंगवाल्यानं तो पाहून पसंत केला, नायट्राइलमध्ये करून द्यायलाही तयार आहे, पण पाचशे नगांच्या खाली मशीन लावत नाही. मला हवेत चार. इंजिनाचे ब्लॉक ओतणाऱ्या गावात अंगठ्याएवढ्या रबरासाठी अडावं, हे मनाला पटत नाही. जिल्ह्यात हेराल्ड मोजक्या असतील, पण पद्मिनी, अँबेसेडर, काँटेसा अजून पुष्कळ आहेत आणि टाय रॉडचे बूट त्यांनाही लागतात. टेपरचा व्यास आणि बुटाची उंची जुळली तर एकाच साच्यातले बूट दोन-तीन गाड्यांना चालतील, नाही जुळली तर दुसरा साचा टर्न करायला मला दोन दिवस लागतात. मजुरी घेणार नाही, रबराचा खर्च वाटून घेऊ.

अशी गाडी असलेल्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, मी दर सोमवारी येऊन विचारीन. येताना जुना बूट आणावा. फाटका असला तरी चालेल, मापं त्याच्यावरूनही घेता येतात.

आपला,
एक निवृत्त टर्नर
मंगळवार पेठ, कोल्हापूर