करारनाम्यावर सही करण्याआधी

ती. आई-बाबांना
सा. नमस्कार.

बाबा, लिलावगृहाच्या करारनाम्यावर अजून सही केली नसेल, तर कृपा करून मी येईपर्यंत करू नका. आईने पाठवलेली सगळी पानं मी छापून घेतली आणि बारीक अक्षरातल्या अटींसकट वाचली. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "बघू गं" म्हणता आणि विषय तिथेच राहतो. हे मात्र तुम्ही चष्मा लावून, हातात पेन्सिल घेऊन, सावकाश वाचावं असं मला वाटतं. आई, तूही वाच, कारण सहीच्या जागा दोन आहेत.

आजोबांची जुनी डॉज गाडी विकायला माझी हरकत नाही. तुमचे गुडघे आता तो क्लच दाबू देत नाहीत, शेड गळते, आणि उभ्या गाडीची रया दरवर्षी जाते हे मलाही दिसतं. माझी हरकत या कागदाला आहे. गाडी विकताना जे जे बिघडू शकतं, ते सगळं या कागदाने तुमच्या अंगावर टाकलंय, आणि लिलावगृहाचा तो माणूस बोलायला इतका गोड आहे की ते जाणवतही नाही.

बाबा, तुम्ही नोकरीची सगळी वर्षं बाजार समितीत काढलीत, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. लिलावगृह म्हणजे अडत्या. माल तो विकत घेत नाही, माल तुमचा आणि जोखीमही तुमचीच. फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा निर्णय आपल्या सरकारने २०१६ मध्ये घेतला, तेव्हा समितीत केवढा गदारोळ झाला होता ते तुम्हीच सांगायचात. इथे तर अडत दोन्हीकडून कापतात. तुमच्याकडून १० टक्के, घेणाऱ्याकडून १५ टक्के, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

हिशोब मांडून बघा. हातोडा २० लाखांवर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढ्याची झाली, असं धरू. घेणारा २३ लाख ५४ हजार मोजेल आणि बातमीत तोच आकडा छापून येईल. तुमच्या हातात मात्र १७ लाख ६४ हजार. त्यातून पुढे कराड ते मुंबई ट्रेलरचं भाडं, फोटो, कॅटलॉगचं पान आणि विमा वजा होणार. घेणाऱ्याची अडत घेणारा देतो, आपल्याला काय, असं त्या माणसाने सांगितलं म्हणालात. पण घेणारा घरून निघतानाच एकूण किती खर्च करायचा हे ठरवून आलेला असतो. त्याची अडत तो आधी मनात वजा करतो आणि मग बोली लावतो. म्हणजे तीही शेवटी आपल्याच किमतीतून जाते. जगभर हीच रीत आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला आरएम सदबीज या लिलावगृहाने १९६२ ची एक फेरारी २५० जीटीओ विकली. हातोडा पडला ४ कोटी ४० लाख डॉलरवर, आणि सगळीकडे छापून आलं ४ कोटी ८४ लाख. मधले ४४ लाख ही घेणाऱ्याकडून घेतलेली अडत.

आता त्या "२५ ते ३० लाख" या अंदाजाबद्दल. हा आकडा पहिल्या पानावर ठळक छापलाय, पण तो कुणालाही बांधून ठेवत नाही. बांधून ठेवते ती राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली गाडी विकायची नाही ती. ती सातव्या पानावर आहे आणि ती आहे १५ लाख. तिच्या पुढच्याच ओळीत लिहिलंय की लिलावगृहाला योग्य वाटल्यास ते त्याहून १० टक्के खाली विकू शकतात. म्हणजे साडेतेरा लाखांना गाडी गेली, तर तुम्हाला तक्रारीला जागाच नाही. गाडी मिळवायची म्हणून आधी अंदाज चढा सांगायचा, आणि लिलावाच्या आदल्या आठवड्यात फोन करायचा की प्रतिसाद थंड आहे, राखीव किंमत उतरवा, ही या धंद्यातली जुनी चाल आहे. तोवर गाडी मुंबईत त्यांच्या गोदामात गेलेली असते. परत न्यायची तर येण्या-जाण्याचं भाडं आणि गाडी मागे घेण्याचा आकार तुम्ही भरायचा. अशा वेळी माणूस "हो" म्हणूनच मोकळा होतो.

आणि गाडी विकलीच गेली नाही तर? नाही गेली तर परत आणू, असं तुम्ही म्हणालात. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये मॉन्टेरेलाच १९३९ ची पोर्शे टाइप ६४ लिलावात आली होती. दोन कोटी डॉलरच्या आसपास अपेक्षा होती. लिलाव पुकारणाऱ्याने १ कोटी ३० लाखांपासून सुरुवात केली आणि पडद्यावर ३ कोटी उमटले. इंग्रजीत तेरा आणि तीस, सतरा आणि सत्तर कानाला फार जवळचे आहेत. आकडा चढत चढत ७ कोटींवर गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग जाहीर झालं की बोली १ कोटी ७० लाखांचीच आहे. लोकांनी हुर्यो केली आणि गाडी विकलीच गेली नाही. गाडी तीच होती, एका संध्याकाळीत तिच्या लोखंडात काही फरक पडला नव्हता. पण त्यानंतर जो कुणी ती बघायला जाईल, त्याच्या डोक्यात पहिला आकडा १ कोटी ७० लाख हाच असणार. आपल्या डॉजचंही तसंच होईल. "विकली गेली नाही" ही नोंद इंटरनेटवर राहते. पुढे घरी येऊन मागणारा गिऱ्हाईकही तीच दाखवून भाव पाडेल.

यावर तुम्ही सुचवलंत की देशपांडेकाकांना लिलावात बसवू आणि दोन-चार बोल्या लावून घेऊ. बाबा, हे अजिबात नको. १९३० च्या माल विक्री कायद्याचं ६४ वं कलम याच गोष्टीचं आहे. विकणाऱ्याला स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावायची असेल, तर तसा हक्क आधी उघडपणे जाहीर करावा लागतो. लपूनछपून भाव चढवला, तर घेणारा तो व्यवहार रद्द करू शकतो. देशपांडेकाकांनाही त्यात ओढू नका.

पुढचं जरा नीट वाचा. कॅटलॉगच्या मसुद्यात लिहिलंय, "१९५४ ची डॉज किंग्जवे, अमेरिकेतून आयात, मूळ इंजिन, एका राजघराण्याच्या संग्रहातून". मी मागच्या वेळी काढलेले आरसी बुकाचे फोटो मोठे करून पाहिले. उत्पादक म्हणून प्रीमियर ऑटोमोबाइल्स, मुंबई लिहिलंय. म्हणजे गाडीची जुळणी त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंधनापुढचं "पेट्रोल" निळ्या शाईने खोडून "डिझेल" केलंय, त्यावर आरटीओचा गोल शिक्का आहे, पण खालच्या रकान्यातला इंजिन नंबर तसाच, जुना. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं, तेव्हा आजोबांनी कोल्हापूरला उद्यमनगरात सिम्प्सन कंपनीचं पर्किन्स डिझेल इंजिन बसवून घेतलं, ही गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगितलीत. त्या काळात अशा कितीतरी मोठ्या गाड्या डिझेल झाल्या, टॅक्सीवाल्यांच्या तर बहुतेक. आजोबांसारख्या, खेडोपाडी व्हिजिटला जाणाऱ्या डॉक्टरने तेच करायला हवं होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट आपल्या गाडीचा खरा इतिहास तोच आहे. पण मग "मूळ इंजिन" कसं लिहायचं? आणि राजघराणं म्हणाल, तर आजोबांनी गाडी एका जहागीरदारांच्या कारभाऱ्याकडून घेतली एवढंच आपल्याला ठाऊक आहे. त्याचाही कागद नाही.

हे शब्द लिलावगृहाने लिहिले असले, तरी करारात वर्णनाच्या खरेपणाची हमी तुमची आहे. घेणाऱ्याने उद्या इंजिन नंबर ताडून पाहिला आणि गाडी परत केली, तर पैसे तुम्ही परत करायचे, लिलावगृहाला झालेला खर्चही तुम्ही भरायचा, आणि त्यांची अडत मात्र त्यांच्याकडेच राहणार. शहात्तराव्या वर्षी तुम्ही मुंबईच्या कोर्टात खेपा घालाव्यात, तेही दुसऱ्याने लिहिलेल्या दोन ओळींसाठी, हे मला सहन होणार नाही.

त्या माणसाने व्हीए मालिकेचा, म्हणजे व्हिंटेज गाड्यांसाठीचा, नंबर घेऊ म्हणूनही सांगितलंय. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांना तो मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको, अशी अट आहे. आपली गाडी नेमकी तिथे अडू शकते. शिवाय त्या नंबरवर गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच काढायची. ज्याला ती चालवायची आहे, त्याला हे आधी कळायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आरसी बुकावर अजून आजोबांचंच नाव आहे. करारात तुम्ही लिहून देताय की "मी या वाहनाचा एकमेव मालक आहे". आजोबांच्या मृत्युपत्रात घर आहे, जमीन आहे, गाडीचा उल्लेख नाही. म्हणजे कायद्याने गाडी तुमची जितकी, तितकीच आत्याची आणि तुमच्या भावाची, म्हणजे काकांची. आत्या कधी काही मागणार नाही, मला माहीत आहे. पण तिने मनाने सोडणं वेगळं आणि कागदावर संमती असणं वेगळं. आधी दोघांची संमतिपत्रं घ्यायची, मग फॉर्म ३१ भरून गाडी तुमच्या नावावर करायची. मृत्यूनंतर हे काही महिन्यांतच करायचं असतं. इतक्या वर्षांनी करताना दंड पडेल, तो भरू. आणि आई, आत्याला फोन तू कर. बाबांनी केला तर तो व्यवहाराचा वाटेल, तू केलास तर घरचा वाटेल.

विक्रीनंतरही एक धोका उरतो. घेणाऱ्याने नाव बदलून घेतलं नाही आणि गाडीने कुणाला उडवलं, तर भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव त्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. त्या खटल्यात तर गाडी पुढे अनेक हातांतून गेली होती, तरी जबाबदार धरला तो नोंदीतला पहिलाच मालक. या करारात नाव बदलण्याचं काम "खरेदीदार आपल्या सोयीने करील" असं आहे. सोयीने नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय आणि आरटीओची पावती आपल्या हातात आल्याशिवाय गाडी हलायची नाही, हे कागदावर यायला हवं.

पैशांचंही तसंच. "खरेदीदाराकडून पूर्ण रक्कम मिळाल्यानंतर ४५ दिवसांत" पैसे मिळतील. रक्कम मिळालीच नाही तर काय, यावर चकार शब्द नाही. मधल्या काळात पैसे त्यांच्या नेहमीच्या खात्यात राहणार. लंडनमधलं कॉइज हे १९१९ पासूनचं लिलावगृह, जुन्या गाड्यांच्या जगात मोठं नाव, २०२० मध्ये डबघाईला येऊन प्रशासकांच्या ताब्यात गेलं. विकणाऱ्यांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेले नसतील, तर अशा वेळी गाडी देऊन बसलेला माणूसही इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो. तुमच्याकडे आलेल्या लिलावगृहाबद्दल मी काहीच वाईट ऐकलेलं नाही, आणि त्यांच्यावर आळ घ्यायचा माझा मुळीच हेतू नाही. पण वेगळं खातं मागितलं, तर चांगल्या माणसाला राग येण्याचं कारण नाही.

आणखी एक अट मी लाल पेनाने खोडून ठेवलीय. सहीपासून वर्षभर तुम्ही गाडी दुसऱ्या कुणालाही विकलीत, अगदी आपल्या गल्लीतल्या माणसाला, तरी अडत त्यांना द्यायची. ही अट निघाली नाही, तर पुढे बोलायलाच नको.

माझ्या मते आधी नाव बदलून घेऊ. मग लिलावाशी काही संबंध नसलेल्या जाणकाराकडून, शक्यतो जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या, फी देऊन किंमत काढून घेऊ. डिझेल झालेल्या किंग्जवेची खरी किंमत २५ लाखांच्या बरीच खाली निघेल असं मला वाटतं, आणि ते तुम्हाला आज माझ्याकडून कळलेलं बरं. क्लबातल्याच कुणाला ती आवडली तर सरळ विकू. त्यात आकडा कदाचित लिलावाइतका चढणार नाही, पण जो ठरेल तो पूर्ण तुमचा असेल, आणि गाडी कुणाकडे जाते ते तुम्ही डोळ्यांनी पाहाल. तरीही लिलावच करावासा वाटला, तर राखीव किंमत तुम्ही ठरवायची, वर्णन आपण लिहायचं, डिझेल आणि कुर्ला दोन्ही त्यात आले पाहिजेत, आणि पैसे वेगळ्या खात्यात.

मी शुक्रवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघते, शनिवारी पहाटे कराडला उतरेन. स्टेशनवर येऊ नका, रिक्षाने येते. आई, आजोबांचा मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, मूळ आरसी बुक आणि कर भरल्याच्या जुन्या पावत्या तेवढ्या कपाटातून काढून ठेव. उद्यमनगरची पावती सापडली तर फारच छान, ती आजोबांच्या निळ्या फायलीत असावी. मधल्या काळात त्यांचा माणूस "नुसती बघायला नेतो" म्हणून आला, तर बाबा, चावी देऊ नका आणि आरसी बुकही हातात देऊ नका. मुलगी शनिवारी येतेय, तिच्याशी बोला, एवढंच सांगा.

तुमची,
मंजू