आजीशी फोनवर बोलता येईल अशी तमिळ

संपादक साहेब, नमस्कार

परवा तुमच्या पेपरात परदेशातल्या मराठी शाळांवर आलं होतं, ते वाचून राहवलं नाही. माझा जावई मूळचा मदुराईचा, मुलगी-जावई सिडनीत वेंटवर्थविलला राहतात, गेल्या वर्षी चार महिने तिकडे होतो तेव्हा शनिवारी नातवाला तमिळ शाळेत सोडायची ड्युटी माझ्याकडे. शाळा म्हणजे सरकारी शाळेचेच वर्ग सुट्टीच्या दिवशी वापरायला मिळतात, राज्य सरकार थोडं अनुदानही देतं, आणि शिकवणारे पालकच, कोणी अकाउंटंट तर कोणी नर्स. पुढे तिथल्या बारावीला म्हणजे एचएससीला तमिळ विषय घेता येतो, हिंदीही येतो (मराठी नाही, असो).

मेहनत जबरदस्त, वादच नाही. 12 स्वर, 18 व्यंजनं, त्यांची बाराखडी 216 आणि वर एक 'आय्दम' नावाचं सुटं अक्षर, झाली 247 अक्षरं. त्यात क ला आणि ग ला अक्षर एकच, प-ब चंही तेच, वाचताना पोरगं अंदाजानेच उडी मारतं.

पण एकदा व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंनी विचारलं जेवलास का, तर हा ताठ बसून म्हणाला 'साप्पिट्टुविट्टेन'. घरात सगळे नुसतं 'साप्टेन' म्हणतात. मदुराईत हशा पिकला, बातम्या देतोय का म्हणे! झालं, तेव्हापासून आजीशी इंग्लिश सुरू. आपल्याकडेही पुस्तकी आणि बोली वेगळी असतेच, पण एवढी फारकत नाही हो.

शाळेतल्या बाईंना विचारलं, बोली का शिकवत नाही, तर त्या म्हणाल्या, काका, अर्धा वर्ग श्रीलंकेतल्या जाफनाकडच्या घरांतला, तिथल्या 1983 च्या तमिळविरोधी दंगलीनंतर इकडे आलेल्यांची नातवंडं, त्यांच्या घरी 'या' म्हणायला 'वांगो' आणि तुमच्याकडे 'वांग', मग मी कोणाची बोली शिकवू? पुस्तकातली सगळ्यांना सारखी. तेव्हा गप्प बसलो, बाईंचं चूक नव्हतंच. पण मधल्या सुट्टीत बघितलं तर वांगोवाली आणि वांगवाली पोरं एकमेकांशी बोलतात ते इंग्लिशच, ती सगळ्यांची सारखी तमिळ बाकावर वहीतच राहते. मला वाटतं पहिली दोन वर्षं वही उघडूच नये, ज्याने त्याने घरचं बोलावं, दुसऱ्याचं ऐकावं, होऊ दे खिचडी.

तुमच्या लेखात मराठी शाळांचा अभ्यासक्रम, परीक्षा सगळं होतं. वर्गात मुलं मराठीत किती वेळ बोलतात, तेवढं पुढच्या वेळी विचारा.

एक आजोबा, डोंबिवली