फ्लॉरेन्सहून आजोबांना

ती. आजोबांस,
शि. सा. नमस्कार.

म्यूनिकहून तीन दिवसांची सुट्टी काढून इथे केवळ इमारती बघायला आलोय. काल कॅथेड्रलचा घुमट चढलो आणि कधी एकदा तुम्हाला सांगतो असं झालं.

पायऱ्या 463. घुमट दुहेरी आहे, एकाच्या आत दुसरा, आणि जिना त्या दोहोंच्या मधल्या बोळातून जातो. खांदे भिंतीला घासतात. दम खायला एका वळणावर थांबलो, तर डोळ्यांसमोर नुसत्या विटा! आडवे थर, मध्ये मध्ये उभी रोवलेली वीट, आणि त्या उभ्या विटांची रांग माशाच्या काट्यासारखी तिरकी वर चढत गेलेली. ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात हा घुमट उभारला, तोही जमिनीपासून लाकडी आधाराचं सेंटरिंग न लावता. जवळजवळ 45 मीटरच्या पोकळीला पुरेल एवढं लाकूड आणायचं कुठून? मग ओल्या चुन्यातल्या आडव्या विटा घसरू नयेत म्हणून उभ्या विटांनी त्यांना धरून ठेवायचं, आणि एकेक कडं पुरं करत वर जायचं. मूळचा सोनार हो हा माणूस!

आतलं छत चित्रांनी भरलंय, सगळे तिथेच माना वर करून उभे. मला त्या विटा सोडवेनात. विश्रामबागवाड्यासमोर सुरूच्या खांबांची नक्षी बघताना तुम्ही म्हणायचात, "आधी भार कुठून खाली येतो ते बघ." मी तेव्हा पाय दुखतात म्हणून कुरकुरायचो. काल आधी भारच बघितला.

संध्याकाळी ब्रुनेलेस्कीच्याच आराखड्याच्या अनाथ बालकाश्रमाच्या पायऱ्यांवर बसलो. कमानींच्या वर निळ्या वर्तुळांत दुपट्यात गुंडाळलेली बाळं आहेत. खाली गावातली माणसं गप्पा मारत बसलेली, आपल्या ओट्यावर बसतात तशीच.

आपला वाडा पाडायचं ठरलंय, बाबा फोनवर म्हणाले. दर पावसाळ्यात घरभर पातेली मांडत तुम्ही आणि आजीने किती वर्षं काढायची? माझी ना नाही. फक्त दिवाळीपर्यंत थांबा. मी टेप घेऊन येतो. चौकातल्या खांबांची तळखड्यापासून तुळईपर्यंत मापं घेऊ, माजघराच्या कडीपाटाचीही. आणि जिन्याजवळचा खांब उतरवताना सुताराला सांगा, करवत लावू नको, खुंट्या काढून सोडव. आतला जोड कसा बसवलाय ते मला तुमच्याबरोबर बघायचंय.

आजीला नमस्कार.

तुमचा नातू